दहाचं नाणं स्क्रीनवर नीट का पडत नाही? (फिरत्या नाण्याचं सिम्युलेशन)

शहापूरचा_पोरगा | सोमवार, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, शाखा मेकॅनिकल, जीव मात्र कॉम्प्युटरमध्ये. खानापूरला आतेबहीण शाळेत शिकवते. तिच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे आणि तिनं गळ घातलीय की ब्राउझरमध्ये मुलांना हाताळता येईल असं काहीतरी करून दे. मी म्हटलं, नाणं करू. उभं धरायचं, टिचकी मारायची, ते गरगरतं, मग कलतं, मग लडबडत खाली येतं आणि शेवटी टर्रर्र करून एकदम गप्प. प्रत्येकानं केलेला उद्योग, सामान काही लागत नाही. त्यात दहाची नाणी दुकानात दिली की समोरचा तोंड वाकडं करतो, त्यामुळं घरात डबाभर साठलीत.

तयार फिजिक्स इंजिन (वस्तूंची हालचाल मोजून देणारं सॉफ्टवेअर) घेतलं, बुलेट नावाच्या इंजिनचं ब्राउझरमध्ये चालणारं रूप. नाण्याचा थ्रीडी आकार केला, त्रिज्या १ युनिट, गुरुत्व ९.८१, फरशी सपाट. सुरुवातीचं गरगरणं झकास दिसतं. कललं की भानगड सुरू. एकतर ते फरशीच्या थोडं वर तरंगतंय असं वाटतं. सगळी हालचाल सुस्त, पाण्यात चालल्यासारखी. आणि शेवटचा टर्रर्र तर येतच नाही, दीड-दोन अंशाचा कल उरला की नाणं तिथंच गोठतं. टाइमस्टेप (हिशेबातली वेळेची एकेक पायरी) अर्धा केला की वागणं बदलतं, पण सुधारत नाही.

दुसरं म्हणजे, घरंगळत सोडलेलं खरं नाणं शेवटी वळत वळत आत येतं. माझं सरळ जातं आणि आडवं पडतं.

समीकरणात घोळ आहे की इंजिनच या कामाचं नाही? कुणी केलंय का असलं काही?


चिकोडी_एक्सप्रेस

छापा की काटा तेवढं सांग, बाकी सोड.


निपाणीचे_सर

बाळ, इंजिन नंतर बघू. आधी डब्यातलं एक नाणं काढ, १० या आकड्याशेजारी मार्करनं ठिपका काढ आणि काचेवर फिरव. शेवटच्या टप्प्यात कान एक सांगतो आणि डोळा दुसरं. आवाज चढत जातो, म्हणजे काहीतरी वेगानं वाढतंय. ठिपका मात्र सावकाश सरकतो आणि शेवटी जवळजवळ थांबतो. दोन्ही खरं आहे. जोरात पळतो तो काठाचा फरशीला टेकलेला बिंदू. नाणं स्वतः फारसं फिरत नाही, ते काठाच्या एकेका जागी आळीपाळीनं टेकत जातं.

नाण्याचा मध्य जवळपास एका जागी आहे आणि काठ घसरत नाही असं धरलं तर पातळ चकतीचा हिशेब सुटसुटीत येतो. टेकबिंदूचा फिरण्याचा कोनीय वेग ओमेगा आणि नाण्याचा फरशीशी कल अल्फा घे.

ओमेगाचा वर्ग = ४ × गुरुत्वत्वरण ÷ (त्रिज्या × साइन अल्फा)

दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिमी, म्हणजे त्रिज्या १३.५ मिमी. कल १० अंश असताना टेकबिंदू सेकंदाला साधारण २१ फेऱ्या मारतो. १ अंशाला ६५ फेऱ्या. ०.१ अंशाला २०५. हाच तुझा टर्रर्र. ठिपका फिरतो तो ओमेगा × (१ − कॉस अल्फा) या वेगानं: १० अंशाला तीनेक सेकंदांत एक फेरी, १ अंशाला एका फेरीला शंभर सेकंद. मुलांना हे दोन आकडे शेजारी-शेजारी दाखव, प्रदर्शनात दुसरं काही नसलं तरी चालेल.

आता गंमत बघ. कल शून्याकडं जातो तसा ओमेगा अनंताकडं धावतो. ऊर्जा मात्र संपत आलेली असते. स्थितिज आणि गतिज मिळून ती होते दीड × वस्तुमान × गुरुत्वत्वरण × त्रिज्या × साइन अल्फा. ऊर्जा संपताना वेग वाढतो, असं रोजच्या व्यवहारात फार कमी ठिकाणी दिसतं. म्हणून तर यावर इतके लोक डोकं लावून बसले. याच तत्त्वावरची जड, गुळगुळीत चकती ऑयलर या गणितज्ञाच्या नावानं खेळणं म्हणून विकली जाते.

घरंगळण्याबद्दल: उभं नाणं सरळ घरंगळत राहायला एक किमान वेग लागतो. पातळ चकतीसाठी वेगाचा वर्ग (गुरुत्वत्वरण × त्रिज्या ÷ ३) पेक्षा मोठा हवा. तुझ्या नाण्याला हा वेग येतो सेकंदाला २१ सेंटिमीटर. त्याच्यावर असेल तर छोटासा कल आपोआप सावरला जातो. खाली आलं की लडबड वाढते आणि नाणं कललेल्या बाजूला वळत वर्तुळ आवळत आणतं. तुझं सरळ जाऊन पडतंय याचा अर्थ वळवणारं पद कुठंतरी गळालंय.


शहापूरचा_पोरगा

सर, ठिपका काढून बघितला. आई स्वयंपाकघरातून ओरडेपर्यंत बघत बसलो. आवाज आणि ठिपका एकाच नाण्याचे आहेत यावर विश्वास बसत नाही.

पण इंजिनमध्ये सेकंदाला २१ फेऱ्या १० अंशाला येत नाहीत. मोजल्या तर दोन-अडीच येतायत.


खानापूर_रोडची_ताई

दोन-अडीचच येणार रे. तू त्रिज्या १ युनिट ठेवलीस आणि गुरुत्व ९.८१. इंजिनच्या लेखी तुझं नाणं दोन मीटर व्यासाचं आहे. सरांचं सूत्र बघ, त्रिज्या भागाकारात आहे. साडेतेरा मिमीचं एक मीटर केलंस तर सगळं साडेआठ पटीहून जास्त सावकाश होणार. ती सुस्ती तिथून आली.

आणि उरलेली लक्षणंही बघ. बुलेटमध्ये कॉन्व्हेक्स (कुठंही खोलगट नसलेल्या) आकाराभोवती ०.०४ युनिटचं मार्जिन आपोआप धरलेलं असतं, म्हणून तरंगल्यासारखं दिसतं. खऱ्या मापात नाणं केलं असतंस तर मार्जिनच नाण्याच्या त्रिज्येच्या तिप्पट झालं असतं. गोठण्याचं कारण म्हणजे इंजिन सुस्त वस्तूला झोपवतं: वेग ०.८ च्या खाली आणि कोनीय वेग १ च्या खाली दोन सेकंद राहिला की झोप. नाण्याचा स्वतःचा कोनीय वेग म्हणजे ओमेगा × साइन अल्फा. टेकबिंदू कितीही पळत असला तरी हा आकडा कमी-कमीच होत जातो. तुझ्या दोन मीटरच्या नाण्यात तो बरोबर दीड अंशाच्या आसपास १ च्या खाली येतो. म्हणजे इंजिन नियमाप्रमाणं वागतंय, फक्त ते नियम खोके आणि चेंडू डोळ्यांसमोर ठेवून केलेत.

त्रिज्या १ च ठेवायची असेल तर गुरुत्व ९.८१ भागिले ०.०१३५, म्हणजे ७२७ ठेव. वेळेचं गणित जुळेल. पण मग दुसरी अडचण दारात उभी राहील. इंजिन सेकंदाला ६० पायऱ्या टाकतं. १ अंशाला टेकबिंदूच्या ६५ फेऱ्या होतात. एका पायरीत एका फेरीपेक्षा जास्त! त्या पायरीला नाणं कुठं टेकलंय ते इंजिनला कळणार कसं? म्हणून मग नाणं थडथडणार.

माझं मत स्पष्ट सांगते, या कामाला तयार इंजिन सोडून दे. एकच वस्तू, एकच टेकबिंदू, आकार गोल. स्वतःचा सॉल्व्हर (समीकरणं पायरी-पायरीनं सोडवणारा प्रोग्राम) दीडशे ओळींत होतो. कसं ते रात्री लिहिते, आता मीटिंग आहे.


उद्यमबाग_टर्नर

भावा तुमचं चालू दे, मी आपला खराद्या माणूस. पण नाण्यावर प्रयोग करून काय कळणार न्हाई तुला. नाण्याच्या कडंला खाचा असत्यात, वर उठाव असतोय, सगळा गोंधळ. माझ्याकडं ये, मी चकती काढून देतो. ७५ एमएम व्यास, १२ एमएम जाडी, साधं एमएस (माइल्ड स्टील). वजन चारशे ग्रॅमच्या जरा वर भरतंय.

हे असलं खेळणं मी आधी पोरांसाठी केलंय. सगळा खेळ कडेवर हाय बघ. पार्टिंग करून (लेथवर कापून) नुसती तशीच सोडली तर कडेला बर, म्हंजे धातूची खरबरीत धार, राहतोय, काचेवर ओरखडे आणि चकती लगेच बसत्या. कडेला अर्धा-एक एमएमची गोलाई मारली, एमरीनं घासून बफिंगला धरली, की तीच चकती किती तरी जास्त वेळ चालत्या. लेथ तीच, माल तोच. खालची जागा पण बघायला लागतंय. लाकडी टेबलावर मेली. कडप्प्यावर बरी. जाड काचेवर सगळ्यात भारी. आणि दाढीचा आरसा मिळाला, जरा खोलगट असतोय तो, तर चकती पळून पण जात न्हाई.


निपाणीचे_सर

टर्नरसाहेबांनी लाखमोलाची गोष्ट सांगितली आहे. सूत्रात कड कुठंच नाही, लाकूड-काच कुठंच नाही. तरी वेळ त्यावरच ठरते. पोरा, हे लक्षात ठेव, पुढं लागेल.


खानापूर_रोडची_ताई

हं, आता निवांत.

पहिली गोष्ट: ऑयलर कोन (तीन कोनांत वस्तूची दिशा मांडायची रीत) वापरू नकोस. पुस्तकांत तेच असतात, कारण कागदावर बरे पडतात. पण नाणं आडवं व्हायला लागलं की दोन कोन एकमेकांत मिसळतात आणि भागाकारात साइन अल्फा येतो. नेमकं जिथं बघायचं तिथंच गणित फाटतं. दिशा क्वाटर्नियनमध्ये (चार आकड्यांच्या संचात) ठेव, प्रत्येक पायरीनंतर त्याची लांबी १ करून घे.

टेकबिंदू शोधायला टक्कर-बिक्कर तपासायची गरज नाही. सरळ खाली जाणारा सदिश घे, त्यातला नाण्याच्या अक्षाच्या दिशेचा भाग वजा कर, उरलेल्याची लांबी त्रिज्येइतकी कर. मध्यापासून तेवढं गेलं की काठाचा सर्वांत खालचा बिंदू. याला टेकसदिश म्हणू.

न घसरण्याची अट म्हणजे टेकबिंदूपाशी नाण्याचा वेग शून्य. त्यामुळं मध्याचा वेग वेगळा साठवायचाच नाही, तो कोनीय वेग आणि टेकसदिश यांच्यावरून निघतो. फरशीचं बल = वस्तुमान × (मध्याचं त्वरण + गुरुत्व वरच्या दिशेनं). हे बल टॉर्कच्या (फिरवणाऱ्या जोराच्या) समीकरणात घातलं की कोनीय त्वरणासाठी तीन बाय तीनचं रेषीय समीकरण उरतं. प्रत्येक पायरीला ते सोडव, चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीनं (छोट्या पायऱ्यांनी अचूक पुढं सरकायची रीत) पुढं जा. त्यात 'कोनीय वेग क्रॉस कोनीय संवेग' हे पद असतं, तेच नाण्याला वळवतं. काही गेम इंजिनांत हे पद वगळलेलं असतं किंवा पर्याय म्हणून बंद ठेवलेलं असतं, कारण खोक्यांच्या ढिगाऱ्यात ते त्रास देतं. तुझं घरंगळणं कुठं बिघडलं ते तिथं आधी शोधलं असतं मी.

पायरीचा खर्च बघ. एका फेरीला ५० पायऱ्या धरल्या तर १ अंशाला सेकंदाला सव्वातीन हजार, ०.१ अंशाला दहा हजारांच्या वर. ऐकायला जास्त वाटतं, पण एका नाण्याला ब्राउझर हे झोपेत करतो.

प्रत्येक पायरीला फरशीचं बल दोन ठिकाणी तपास. उभा भाग ऋण आला तर नाणं उडालंय. आडवा भाग उभ्या भागाच्या म्यू (घर्षणांक) पटीपेक्षा जास्त झाला तर घसरतंय. टिचकी मारल्यावर सुरुवातीला घसरतंच, तो भाग वेगळा लिहावा लागेल.

आणि खरं नाणं दाखवण्याआधी सॉल्व्हरची परीक्षा घे. गुरुत्व शून्य, फरशी काढून टाक, चकतीला तिच्या अक्षाभोवती फिरव आणि किंचित डुलव. डुलणं फिरण्याच्या दुप्पट वेगानं यायला हवं, कारण पातळ चकतीचं अक्षाभोवतीचं जडत्व व्यासाभोवतीच्या जडत्वाच्या दुप्पट असतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कँटीनमध्ये हवेत फेकलेल्या ताटलीवरून भौतिकशास्त्रज्ञ फाइनमननं हाच हिशेब मांडला होता. हे जमलं की फरशी परत आण आणि एकूण ऊर्जा कागदावर काढत राहा. घर्षण अजून घातलेलं नाही, तेव्हा ऊर्जा हलायला नको. हलली तर पायरी मोठी आहे किंवा चिन्ह कुठंतरी उलटं पडलंय.


शहापूरचा_पोरगा | गुरुवार, रात्री १२:०५

ताई, सर, झालं! मधे एक संध्याकाळ लाईट नव्हती, नाहीतर कालच टाकलं असतं.

ताटलीची परीक्षा पास, दोनास एक बरोबर. ऊर्जा सहाव्या दशांशापर्यंत जागची हलत नाही. १० अंशाला २०.६ फेऱ्या, सरांच्या सूत्राप्रमाणं. आणि घरंगळणारं नाणं काय सुंदर वळतं! २१ सेंटिमीटरच्या वर सरळ, खाली आणलं की लगेच नागमोडी. आतेबहिणीला व्हिडिओ पाठवला तर तिनं विचारलं, हे खरं शूट केलंय का.

एकच अडचण. नाणं आता पडतच नाही. कललं की त्याच कलावर डुलत राहतं, जेवून आलो तरी चालूच. म्हणून त्याच्यात घर्षण घातलं: कोनीय वेगाच्या उलट दिशेनं एक ठरावीक टॉर्क. आता पडतं, पण शेवट खोटा वाटतो. आवाज तयार करून ऐकला तर खऱ्यापेक्षा वेगळाच चढतो. शेवटाकडं लांबत जातं आणि मग एकदम किंचाळतं.


निपाणीचे_सर

आता आलास खऱ्या प्रश्नावर. समीकरणं दोनशे वर्षांहून जुन्या गणितातली आहेत, ती कुणीही लिहील. ऊर्जा कुठं जाते, वाद सगळा तिथं आहे.

२००० मध्ये केंब्रिजच्या कीथ मोफॅट यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छोटा लेख लिहिला. म्हणणं असं की शेवटच्या टप्प्यात चकती आणि टेबल यांच्यामधल्या हवेच्या पातळ थरात ऊर्जा जाते. त्यांच्या हिशेबात कलाचा घन हा उरलेल्या वेळेच्या प्रमाणात येतो, म्हणजे कल उरलेल्या वेळेच्या एक-तृतीयांश घातानं घटतो. सगळं ठरावीक वेळेत संपतं, तरी त्या क्षणी ओमेगा अनंत! अर्थात खरोखर अनंत होत नाही. अगदी शेवटच्या शतांश सेकंदाच्या आसपास नाण्याला खाली पडायला गुरुत्वापेक्षा जास्त त्वरण लागेल, तिथं हे गणितच गैरलागू होतं.

त्यांचं सूत्र टर्नरसाहेबांच्या चकतीला लावून बघितलं. ०.१ रेडियन, म्हणजे पावणेसहा अंशांपासून पुढं नुसत्या हवेनं थांबायला जवळपास १०० सेकंद येतात. तुझ्या दहाच्या नाण्याला, वजन ७.७४ ग्रॅम, पाच सेकंद.

त्याच वर्षी 'नेचर'मध्येच दुसऱ्या गटानं उत्तर दिलं की हवा काढून घेतली तरी फारसा फरक पडत नाही, म्हणजे घर्षण टेकण्याच्या जागीच आहे. २००२ मध्ये ईश्वर, रूयेर आणि मेनन यांनी मोजून दाखवलं की घात एक-तृतीयांश नसून दोन-तृतीयांशाच्या जवळ आहे. टर्नरसाहेब बिनकागदाचे तिथंच पोचले होते: कड बदलली, वेळ बदलली. हवा तर तीच होती.


उद्यमबाग_टर्नर

सर तुम्ही साहेब-बिहेब नका म्हणू, लाज वाटत्या.


खानापूर_रोडची_ताई

सरांनी जे सांगितलं त्यातच तुझ्या किंचाळण्याचं उत्तर आहे.

तू टॉर्क नाण्याच्या कोनीय वेगाच्या विरुद्ध लावलास, ठरावीक मापाचा. मग ऊर्जा जाण्याचा दर त्या कोनीय वेगाच्या प्रमाणात येतो. पण तो वेग, आधी म्हटलं तसं, कल घटला की घटतो. म्हणजे शेवटी नाण्याची ऊर्जा काढून घेणारं कुणी उरतच नाही. हिशेब केलास तर कल उरलेल्या वेळेच्या वर्गानं घटतो. म्हणून लांबत जातं. तयार इंजिनांतलं रोलिंग फ्रिक्शन बहुधा याच जातीचं असतं.

खऱ्या नाण्यात झीज होते ती टेकबिंदू काठावरून पळतो त्याची. काठाचा एकेक तुकडा दाबला जातो, सुटतो. तेव्हा दर ओमेगाच्या प्रमाणात हवा. सरांचं ऊर्जेचं सूत्र त्यात घातलं की दोन ओळींत दोन-तृतीयांश घात बाहेर पडतो. करून बघ, मी मुद्दाम लिहीत नाही.

सॉल्व्हरमध्ये हे घालायचं तर टॉर्कला साइन अल्फानं भागावं लागतं. मोठ्या कलाला काही बिघडत नाही, बारीक कलाला आकडा फुगतो आणि पायरी कितीही लहान केली तरी पुरत नाही. म्हणून माझा सल्ला: ३ अंशापर्यंत पूर्ण सॉल्व्हर, त्याखाली सॉल्व्हर बंद. तिथून पुढं कल थेट त्या घाताच्या सूत्रानं काढ, कलावरून ओमेगा, ओमेगावरून टेकबिंदूची जागा. सांधा दिसणार नाही, कारण ३ अंशाला दोघंही तेच सांगतात. फसवणूक वगैरे काही नाही ही. जिथं मंद बदल आणि जलद डुलणं एवढे लांब-लांब गेलेत तिथं जलद भाग सरासरीत घ्यायचा, हीच शहाणी पद्धत.


येळ्ळूर_शिवार

वाचत होतो, राहवलं नाही. मोबाइलवर आवाजाचा स्पेक्ट्रम (कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आवाज किती ते) दाखवणारं फुकट ॲप असतं. काचेखाली जुनं वर्तमानपत्र, शेजारी मोबाइल, आणि नाणं सोडलं. स्पेक्ट्रमवर एक रेघ वर चढत जाते, ती टेकबिंदूची फ्रिक्वेन्सी. तिच्या वर तिच्या पटी दिसतात. सेकंदाला पन्नासच्या खालचं मोबाइलचा माइक नीट पकडत नाही, तेव्हा दुसऱ्या पटीची रेघ वाचून निम्मी केली.

आता कुठलं घर्षण ते ओळखायला सोपी युक्ती आहे. ताईंचं खरं असेल तर फ्रिक्वेन्सीच्या घनाचा व्यस्त वेळेपुढं मांडला की सरळ रेघ यायला हवी. हवेचं असेल तर सहाव्या घाताचा व्यस्त सरळ येईल. मी दोन्ही काढले. काचेवर घनाचा सरळ आला, अगदी शेवटचं टोक सोडून. सहाव्याचा केळ्यासारखा वाकडा. आणि पाच सेकंद तर लांबच, नाणं त्याच्या निम्म्या वेळेत बसतं. ती सरळ रेघ जिथं शून्याला छेदते ती थांबण्याची वेळ, तिचा उतार म्हणजे तुझ्या घर्षणाचा आकडा. अंदाजानं भरायची गरजच नाही.


शहापूरचा_पोरगा

येळ्ळूरकर, हे भारीच. तुमच्या पद्धतीनं आमच्या काचेवरचा उतार काढला आणि तोच आकडा घातला. आता सिम्युलेशनचा आवाज आणि खऱ्याचा आवाज एकामागोमाग लावले तर भावाला ओळखता येईना.

चित्राचं मात्र अजून खटकतंय. कल सव्वा अंशाच्या खाली गेला की स्क्रीनवर नाणं अचानक थबकतं, मग उलटं डुलायला लागतं. आकडे तपासले, ते बरोबर आहेत.


खानापूर_रोडची_ताई

स्क्रीन सेकंदाला ६० चित्रं दाखवतो. १.१७ अंशाला टेकबिंदूच्या फेऱ्या बरोबर ६० होतात, प्रत्येक चित्रात नाणं त्याच जागी, म्हणून थबकलेलं. उलटं डुलणं त्याच्या थोडं आधी दिसायला हवं, ६० च्या किंचित खाली असताना. तिथून पुढं ते सुलटं पण फार सावकाश दिसेल, ६५ ला सेकंदाला पाच फेऱ्या. तुझा अनुभव उलट क्रमानं असेल तर फेरीची दिशा एकदा तपास.

उपाय सोपा. ३० फेऱ्यांच्या वर गेलं की एका चित्रात नाणं एकदाच काढू नको, त्या साठाव्या भागातल्या आठ-दहा स्थिती अर्धपारदर्शक करून एकावर एक काढ. प्रत्यक्षातही डोळ्याला तिथं पुसटच दिसतं.


चिकोडी_एक्सप्रेस

माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलं नाही. एवढं फिजिक्स घातलं, आता गल्ली क्रिकेटच्या टॉसला काय मागायचं ते सांगा.


निपाणीचे_सर

घे. हवेत उडवून हातात झेललेल्या नाण्याबद्दल डायाकोनिस, होम्स आणि माँटगोमेरी यांनी २००७ मध्ये गणित मांडलं: उडवताना जी बाजू वर होती तीच वर येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त, साधारण ५१ टक्के. नाणं उडताना डुलतं, त्यामुळं. पुढं २०२३ मध्ये एका मोठ्या गटानं खरोखर ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली, आकडा आला ५०.८ टक्के. तेव्हा उडवणाऱ्याच्या अंगठ्यावर कुठली बाजू वर आहे ते बघ आणि तीच माग. जमिनीवर पडू दिलं तर उसळ्या खाऊन हा फायदा जातो. टेबलावर फिरवलेल्या नाण्याला तर हे लागूच नाही, तिथं कड आणि उठाव कसे आहेत त्यावर एक बाजू जड ठरू शकते.


चिकोडी_एक्सप्रेस

शंभरात एक मॅच! सर, आमची टीम बघता बॅटिंग सुधारलेली बरी.


शहापूरचा_पोरगा | रविवार, सकाळी ११:१५

फेरीची दिशा खरंच उलटी होती, केली सरळ. पुसट चित्राचंही जमलं. आतेबहिणीनं आता नवीनच काढलंय. मुलं वीसचं नाणं आणतील, ते का नाही म्हणून विचारतील. वीसच्याला बारा बाजू आहेत. व्यास तोच २७ मिमी, वजन ८.५४ ग्रॅम. त्रिज्या-वजन बदलून चालेल का?


खानापूर_रोडची_ताई

लडबडीच्या टप्प्याला कामचलाऊ चालेल, घर्षणाचा आकडा मात्र वेगळा काढ. घरंगळण्याला नाही. बारा बाजूंचं नाणं एका कोपऱ्यावरून पुढच्या कोपऱ्यावर आपटतं. उसळी नाही असं धरलं आणि टेकबिंदूभोवतीचा कोनीय संवेग कायम ठेवला, तर प्रत्येक आपटण्याला कोनीय वेग साधारण ९ टक्के घटतो, ऊर्जा १७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे एका पूर्ण फेरीत काही उरतच नाही. खरं नाणं त्यापेक्षा बरंच लांब जातं, कारण कोपरे गोलसर आहेत आणि वेगात ते किंचित उसळत जातं. जुनं अकरा बाजूंचं दोनचं नाणं कुणाच्या डब्यात असेल तर तेही करून बघण्यासारखं, त्यात आपटण्याचा कोन आणखी मोठा.

प्रदर्शनापुरतं असं कर: वीसचं बटण ठेव, घरंगळताना प्रत्येक कोपऱ्याला कापायचा वेग स्लायडरवर दे, ० ते ९ टक्के. मुलांना खरं नाणं शेजारी घरंगळवू दे आणि स्लायडर त्यांनाच जुळवू दे.


शहापूरचा_पोरगा

स्लायडर पक्का. टर्नर दादा, चकतीचं मनावर घेतलंय का? शनिवारी उद्यमबागला येऊ?


उद्यमबाग_टर्नर

ये की. चकती काढून ठेवली हाय, बफिंग तेवढं राहिलंय. दोन काढल्यात, एक गोलाई मारलेली आणि एक तशीच बरसकट, पोरांना फरक दाखवायला. जेवणाच्या सुट्टीच्या आत ये, मग शिफ्टची गडबड असत्या. आणि आरसा तू आण, माझ्याकडचा फुटलाय.